नीव्हियस पाद्री आणि पगारी उपदेशकांचा प्रश्न

चीनमधील ख्रिस्ती मिशनांचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टींची आठवण होते. एक अफूचे युद्ध आणि दुसरी १९०० सालचे बॉक्सरांचे बंड. या दोहोंच्या दरम्यान चिनी खेड्यापाड्यांत ज्या छोट्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या कोणाच्या पैशाने चालाव्यात, त्यांचा कारभार कोणी पाहावा, त्यांत उपदेश करणाऱ्या माणसाने पगार घ्यावा की नाही, याविषयी जो मोठा वाद झाला, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तो वाद चीनचा खरा, पण अगदी परका मात्र नव्हे. ज्या संस्थेला दुसऱ्याच्या थैलीतून पैसा मिळतो ती संस्था आपल्या पायावर कधी उभी राहते काय, हा प्रश्न शाळांना आहे, वाचनालयांना आहे, समाजसुधारणेच्या मंडळांना आहे आणि राजकीय चळवळींनाही आहे. एका अमेरिकन पाद्र्याने हा प्रश्न गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात जितक्या उघडपणे मांडला, तितका तो फारच थोड्यांनी मांडला आहे. म्हणून धर्माची बाजू ज्याची त्याने ठरवावी असे म्हणून, जॉन लिव्हिंग्स्टन नीव्हियस या गृहस्थाचे चरित्र आणि कार्य आम्ही येथे मांडीत आहोत.

नीव्हियस हा प्रेस्बिटेरियन पंथाचा. या पंथात बिशप नाही. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून कारभार पाहतात. न्यूयॉर्क येथील प्रेस्बिटेरियन बोर्डाने त्याला चीनमध्ये पाठविले. याच बोर्डाने १८७० मध्ये कोल्हापूरचे मिशन आपल्याकडे घेतले आणि डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस जे रुग्णालय उघडले, तेही याच बोर्डाच्या आश्रयाने. म्हणजे मिरजेच्या दवाखान्याला ज्या तिजोरीतून पैसे येत, त्याच तिजोरीतून शांतुंगमधल्या या पाद्र्याचाही खर्च चाले. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची हकीकत आपल्यापासून वाटते तितकी दूरची राहत नाही.

४ मार्च १८२९ रोजी न्यूयॉर्क संस्थानातील सेनेका परगण्यात, ओव्हिड गावाजवळच्या एका शेतावर त्याचा जन्म झाला. घराणे मूळचे डच. १८४८ मध्ये युनियन कॉलेजातून तो पदवीधर झाला, काही काळ दक्षिणेत जॉर्जियामध्ये शिक्षकी केली, आणि मग प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयात शिरला. १८५३ मध्ये हेलन कोन या तरुणीशी त्याचा विवाह झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात हे जोडपे बॉस्टनहून चीनला निघाले. ज्या जहाजातून ते निघाले त्याचे नाव ‘बाँबे’! हिंदुस्थानच्या व्यापारातले ते जुने मालवाहू गलबत. उतारूंची सोय त्यावर नावापुरतीच. सहा महिने समुद्रावर काढून १८५४ च्या वसंतात ते निंगपो बंदरास लागले. शेतावर वाढलेला हा माणूस पुढे चाळीस वर्षे चीनमध्ये राहिला, पण त्याच्या अंगातला शेतकरी कधी गेला नाही, हे पुढे दिसेलच.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नीव्हियस ज्या दारातून चीनमध्ये शिरला ते दार तोफांनी फोडलेले होते. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने पाच बंदरे परकीयांना उघडी झाली, त्यांतले निंगपो एक. पुढे १८५८ चा तिएन्त्सिनचा तह आणि १८६० चा पेकिंगचा करार यांनी मिशनऱ्यांना देशाच्या अंतर्भागात फिरण्याची आणि धर्मोपदेशाची मोकळीक मिळाली. अफू आणि बायबल एकाच जहाजातून आले, असे चिनी लोक म्हणत आले आहेत, आणि ते म्हणणे अन्यायाचे म्हणवत नाही. मिशनऱ्यांपैकी पुष्कळांनी अफूच्या व्यापाराचा निषेध केला हे खरे. पण तहातली कलमे परत करा असे कोणी म्हटले नाही हेही तितकेच खरे. नीव्हियस या दोषातून मुक्त नव्हता. त्याचे मोठेपण शोधायचे ते या दोषाच्या बाहेर नव्हे, तर या दोषाचे परिणाम आपल्या मंडळ्यांवर काय होत आहेत हे त्याने कसे ओळखले, यात.

निंगपोस भाषा शिकून होताच त्याने हांगचौ या आतल्या मोठ्या शहरात राहण्याचा प्रयत्न १८५९ मध्ये केला. त्याच वर्षी उत्तरेस ताकूच्या किल्ल्यांपाशी इंग्रजी आरमाराने मार खाल्ला, हवा तापली आणि त्याला परत फिरावे लागले. काही महिने जपानात काढून १८६१ मध्ये नवरा-बायको शांतुंग प्रांतातील तेंगचौ येथे येऊन राहिली. हे वर्षही शांततेचे नव्हते. निएन बंडखोरांच्या टोळ्या प्रांतभर धुमाकूळ घालीत होत्या आणि त्याच ऑक्टोबरात चीफू बंदराजवळ होम्स आणि पार्कर हे दोन अमेरिकन मिशनरी त्यांच्याशी बोलणी करण्यास गेले असता मारले गेले. तेंगचौच्या आसपासच्या मुलींसाठी हेलनबाईंनी १८६२ मध्ये शाळा काढली. बाईंनी बोली चिनीत लिहिलेली प्रश्नोत्तरावली पुढे मिशनांतून फार वापरली गेली. नवऱ्याच्या कीर्तीत त्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचे चरित्रही १८९५ मध्ये त्यांनीच लिहिले. परंतु प्रकृतीने त्यांना नेहमीच गांजले. तिच्यापायीच १८६४ मध्ये दोघांना मायदेशी जावे लागले, आणि परत येण्यास चार-पाच वर्षे गेली.

१८७१ पासून त्यांचे बिऱ्हाड चीफू येथे पडले. आजचे यंताई ते हेच. घराच्या आवारात नीव्हियसने अमेरिकेहून सफरचंद, नासपती, द्राक्षे यांची रोपे आणि कलमे मागवून लावली. चीनमध्ये सफरचंद नव्हते असे नव्हे. परंतु जुनी जात मऊ, पिठूळ आणि न टिकणारी होती. नव्या जातींना चीफूची हवा मानवली. झाडे धरली, आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी त्यांची कलमे नेली. यंताईची सफरचंदे आज सबंध चीनमध्ये नावाजलेली आहेत, आणि त्या बागाइतीचा उगम तेथील लोक १८७१ च्या या बागेपर्यंत नेतात. आपल्याकडे रत्नागिरीच्या हापुसाचे नाव घेताना पोर्तुगीजांची आठवण काढतात तसेच हे! नीव्हियसचे चिनी नाव नी वेइ-सी असे होते. धर्मोपदेशापेक्षा फळबागेमुळेच ते नाव त्या गावात अधिक टिकले, यात आम्हांस काही उणे वाटत नाही.

त्याचे खरे कार्यक्षेत्र मात्र चीफू नव्हते. तेथून सुमारे दोनशे मैल आत, मध्य शांतुंगच्या खेड्यांत तो वसंत आणि शरद अशा दोन ऋतूंत फिरतीवर जाई. रस्ते असे नव्हतेच. त्या प्रांतात ओझी वाहण्याचे साधन म्हणजे मध्ये एकच मोठे चाक असलेली ढकलगाडी. एका बाजूस अंथरूण-पांघरूण व पुस्तके आणि दुसऱ्या बाजूस स्वतः पाद्रीबुवा. अशा गाडीवरून आठवड्यामागून आठवडे हिंडून त्याने तो मुलूख पायाखाली घातला.

त्या मुलखाशी त्याचे नाते जडले ते दुष्काळात. १८७६ साली आपल्या दख्खनमध्ये पाऊस गेला आणि त्याच साली उत्तर चीनमध्येही गेला. सोलापूर, विजापूर, नगरकडे लोक झाडपाला खात होते, त्याच महिन्यांत शांतुंगमध्ये लोक घराची छपरे उपसून गवत आणि कडबा भरडून खात होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. तिकडे सरकार होते, पण माहिती मांडणारी सभा नव्हती. चीनमधल्या त्या चार वर्षांच्या दुष्काळात पाच प्रांतांत मिळून नव्वद लाखांच्या वर माणसे मेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १८७७ मध्ये टिमथी रिचर्ड हा बाप्टिस्ट मिशनरी आणि नीव्हियस हे दोघे वेगवेगळ्या भागांत मदत वाटीत होते. नीव्हियसने एका खेड्यात ठाण मांडले, आजूबाजूच्या गावांतील गरजूंच्या नावनिशीवार याद्या केल्या आणि त्या धरून पैसे वाटले. काही महिने हे काम चालले. शेकडो गावांतल्या लोकांनी या परक्या माणसाला पहिल्यांदा पाहिले ते या वेळी, आणि पुढे तो उपदेशासाठी आला तेव्हा दारे उघडी सापडली.

पण येथेच त्याची अडचण सुरू झाली. दुष्काळात ज्याच्या हातून पैसा मिळाला त्याच्या धर्मात जाणारा माणूस धर्मासाठी जातो की पैशासाठी? चिनी भाषेत अशा माणसांना एक बोचरा वाक्प्रचार आहे: अमका ‘धर्म खातो’. शेती खाणे, दुकान खाणे तसेच धर्म खाणे, म्हणजे त्यावर पोट भरणे. इंग्रजी बोलणारे त्यांना ‘तांदळाचे ख्रिस्ती’ म्हणत. आपल्याकडेही दुष्काळात झालेल्या ख्रिस्त्यांना लोक कोणत्या नावांनी हिणवीत हे सर्वांस ठाऊक आहे. ती हिणवणी पुष्कळदा दुष्टपणाची असते. परंतु नीव्हियसचा विशेष हा की त्याने ती शत्रूंची निंदा म्हणून झटकून टाकली नाही. तिच्यात तथ्य किती याचा तपास केला.

हा रोग जुनाच होता. १८४० च्या सुमारास कार्ल गुट्‌स्लाफ नावाच्या एका जर्मन मिशनऱ्याने मोठी कल्पना काढली होती. चिनी माणसेच पगारावर नेमायची, त्यांच्या खांद्यावर नव्या कराराच्या प्रती द्यायच्या आणि सर्व प्रांतांत त्यांना धाडायचे. माणसे भराभर मिळाली. ती वाटखर्च घेऊन निघत आणि परत येऊन दूरदूरच्या प्रांतांत किती जणांनी बाप्तिस्मा घेतला याच्या हकीकती सांगत. त्या हकीकती युरोपात छापल्या जात आणि वर्गणीचा ओघ वाढे. पुढे उघडकीस आले की त्यांतले कित्येक लोक हाँगकाँगच्या परिसराबाहेर गेलेलेच नव्हते. दिलेल्या प्रती ते छापखानदाराला विकीत, छापखानदार त्याच प्रती पुन्हा गुट्‌स्लाफला विकी, आणि गुट्‌स्लाफ त्याच त्यांना पुन्हा वाटी! बिचाऱ्याचा स्वतःचा यात एका पैचा लोभ नव्हता. १८५१ मध्ये तो खचून मेला.

इतका भाबडेपणा पुढच्या मिशनऱ्यांत राहिला नाही, तरी पद्धत तीच राहिली. गावात एखादा बरा माणूस ख्रिस्ती झाला की त्याला दरमहा वेतन देऊन उपदेशक नेमायचे, भाड्याचे घर घेऊन त्यात प्रार्थनामंदिर उघडायचे, मुलांची शाळा काढायची, आणि त्या सर्वांचा खर्च न्यूयॉर्कहून किंवा लंडनहून मागवायचा. नीव्हियसने स्वतः निंगपोस अशाच रीतीने काम केले होते. त्या अनुभवावरून आणि शांतुंगच्या अनुभवावरून त्याने १८८५-८६ मध्ये शांघायच्या ‘चायनीज रेकॉर्डर’ या मासिकात ‘मिशनकार्याच्या पद्धती’ या विषयावर लेखमाला लिहिली. लगेच तिचे पुस्तकही झाले.

त्या लेखांतले त्याचे युक्तिवाद आज वाचतानाही ताजे वाटतात, कारण ते पाद्र्याचे कमी आणि गावगाडा ओळखणाऱ्या माणसाचे अधिक आहेत. तो म्हणतो ते आमच्या शब्दांत असे. एक शेतकरी नवा ख्रिस्ती झाला. नांगर सोडून दुपारी झाडाखाली बसला की शेजाऱ्यांशी तो आपल्या नव्या श्रद्धेविषयी बोलतो. शेजारी ऐकतात, कारण हा आपल्यातला आहे, याला बोलण्याचे कोणी काही देत नाही. मिशनरी येतो, या माणसाची तळमळ पाहतो आणि त्याला पगारावर नेमून दुसऱ्या गावी धाडतो. झाले काय? पहिल्या गावाचा दिवा गेला. दुसऱ्या गावात तो परका, आणि वर पगारी. त्याचे बोलणे आता पोटासाठीचे बोलणे ठरले. जे चार जण पूर्वी बिनपैशाने बोलत होते ते म्हणू लागले, त्याला मिळतात तर आम्हांला का नाही? आणि ज्यांना खरोखर पैसाच हवा होता त्यांना रस्ता दिसला. शिवाय खरा कोण आणि लबाड कोण हे ओळखण्याचे मिशनऱ्याजवळचे एकमेव साधन, म्हणजे लाभ नसताना माणूस कसा वागतो हे पाहणे, तेच त्याने आपल्या हाताने मोडून टाकले. पुढे कधी पगार बंद करण्याची वेळ आली म्हणजे तो माणूस नुसता जात नाही, वैरी होऊन जातो.

यात नवे काय, असे कोणी म्हणेल. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचा हेन्री व्हेन आणि बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचा रूफस अँडरसन या दोन चिटणिसांनी यापूर्वीच सांगितले होते की मंडळी ही स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी, स्वतःचा खर्च स्वतः भागविणारी आणि स्वतःचा प्रसार स्वतः करणारी असली पाहिजे. यांतला अँडरसन १८५४-५५ च्या सुमारास आपल्या नगरलाही येऊन गेला होता. इंग्रजी शाळांपेक्षा गावोगावच्या मराठी मंडळ्या आणि देशी पाळक यांवर भर द्या, असा त्याचा तेथे आग्रह होता. तेव्हा सूत्र जुनेच. पण चिटणिसाने बॉस्टनला बसून सूत्र सांगणे निराळे, आणि ढकलगाडीवरून हिंडणाऱ्याने ते साठ खेड्यांत चालवून पाहणे निराळे.

त्याने चालवून पाहिले ते असे. नवा माणूस ज्या धंद्यात असेल त्यातच राहील. शेतकरी शेतकरी, विणकर विणकर. बाप्तिस्मा मागणाऱ्याला सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत थांबावे लागेल. गावातल्या ख्रिस्त्यांतलाच एक जण पुढारी होईल आणि त्याला काहीही वेतन मिळणार नाही. सभा त्याच्याच घरी भरेल. निराळे मंदिर हवेच असेल तर गावकऱ्यांनी आपल्या पैशाने, आपल्या घरांसारखेच बांधावे, आणि ते त्यांच्याच मालकीचे असावे. अनेक गावे मिळून एक पगारी मदतनीस फिरत राहील, पण असे मदतनीस मोजकेच. मिशनरी वर्षातून दोनदा येईल, परीक्षा घेईल, चुकलेल्यांना शिस्त लावील आणि पुढच्या गावी जाईल. कोर्टकचेरीच्या भानगडींत मिशनरी पडणार नाही. हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा. तहांच्या जोरावर मिशनऱ्याची चिठ्ठी चिनी न्यायाधीशापुढे वजन पाडी, आणि जमिनीचे तंटे जिंकण्यासाठी कुळेच्या कुळे बाप्तिस्मा घेण्यास तयार होत.

पगारी उपदेशक नाही, मग शिक्षण कसे? येथे नीव्हियसची कल्पकता दिसते. प्रत्येक जण शिकणारा आणि प्रत्येक जण शिकविणारा, असा त्याचा दंडक होता. ज्याला दहा अक्षरे येतात त्याने पाच येणाऱ्याला शिकवावे. ज्याला वाचता येत नाही त्याने शुभवर्तमानातली एक कथा ऐकून तोंडपाठ करावी आणि पुढच्या रविवारी आपल्या शब्दांत सांगावी. कोण काय शिकला याची वही प्रत्येक ठाण्यात असे, आणि फिरतीवर आलेला पाद्री ती वही तपाशी. यासाठी त्याने चिनीत एक लहानशी मार्गदर्शक पुस्तिका लिहिली. शेतीची कामे नसतील अशा दिवसांत निवडक माणसांना तो चीफूस बोलावी आणि काही आठवडे त्यांचा वर्ग घेई. वर्ग संपला की माणूस पुन्हा आपल्या शेतावर. अशी सुमारे साठ ठाणी त्याच्या देखरेखीखाली होती.

याला विरोध झाला, आणि तो त्याच्याच घरातून झाला. कॅल्व्हिन मेटीअर हा त्याच बोर्डाचा, त्याच प्रांतातला, तितकाच कर्ता माणूस. १८६४ मध्ये तेंगचौस सहा मुलांची शाळा काढून त्याने तिचे पुढे कॉलेज केले. गणिताची पुस्तके चिनीत लिहिली. त्याचे बोली चिनीचे धडे गिरवून मिशनऱ्यांच्या कित्येक पिढ्या ती भाषा शिकल्या. मेटीअरचे म्हणणे थोडक्यात असे की, अडाणी शेतकऱ्यांच्या हाती मंडळी सोपवून वर्षातून दोनदा दर्शन दिल्याने मंडळी वाढत नाही, कोमेजते. चांगले शिकलेले चिनी पाळक हवेत, त्यासाठी शाळा-कॉलेजे हवीत आणि त्यासाठी पैसा हवा. नीव्हियसच्या पश्चात, १९०० मध्ये, त्याने या पद्धतीची परीक्षा करणारे पुस्तकच प्रसिद्ध केले आणि शांतुंगमध्ये ती बव्हंशी फसली असा निकाल दिला. नीव्हियसच्या ठाण्यांपैकी कित्येक पुढे ओस पडली हे खरे आहे.

या वादात आम्ही कोणाच्या बाजूचे? आम्हांस वाटते, मेटीअरने ठाणी मोजली ती बरोबर मोजली. पण ओस पडलेल्या ठाण्याला पगारी पद्धतीत काय झाले असते? ते ओस पडले नसते. पगार चालू असेतो चालू दिसले असते. नीव्हियसच्या पद्धतीत अपयश निदान उघडे दिसते. तिकडे मेटीअरचा मुद्दाही सोडता येत नाही. शिक्षणावाचून स्वावलंबन हे पुष्कळदा दारिद्र्याचेच दुसरे नाव होते, आणि मेटीअरच्या कॉलेजातून निघालेल्या चिनी पदवीधरांनी पुढे प्रांतोप्रांतीच्या शाळांत विज्ञान शिकविले, हे ऋण चीनला नाकारता येणार नाही. एक विसंगती मात्र दोघांनाही चिकटते. चिनी उपदेशकाने पगार घेतला तर त्याचा धर्म संशयित होतो, असे लिहिणारा नीव्हियस स्वतः न्यूयॉर्कहून पगार घेत होता आणि बागेच्या घरात राहत होता. चिनी शेतकरी तोंडाने बोलला नसेल, पण त्याच्या मनात हे आले नसेल असे मानणे कठीण आहे. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभारला, तेव्हा त्यांनी हीच गाठ दुसऱ्या टोकाकडून सोडविण्याचा प्रयत्न केला. ते देशी होते, म्हणून त्यांना ते साधण्यासारखे होते. परक्या माणसाने पगार सोडला तर तो खाणार काय, हा प्रश्न नीव्हियसच्या पद्धतीत शेवटपर्यंत अनुत्तरित आहे.

जाता जाता त्याच्या एका निराळ्या ग्रंथाचा उल्लेख केला पाहिजे. शांतुंगच्या खेड्यांत अंगात येण्याचे प्रकार फार. नीव्हियस आला तेव्हा हे सारे थोतांड समजत होता. पण चिनी ख्रिस्ती त्याच्याकडे झपाटलेली माणसे आणू लागले, तेव्हा त्याने एक प्रश्नावली काढून ठिकठिकाणच्या मिशनऱ्यांना आणि चिनी पाळकांना पाठविली, आलेली उत्तरे जमविली आणि त्यांवर पुस्तक लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १८९४ मध्ये छापले गेले. त्यातला निष्कर्ष, म्हणजे भुते खरीच असतात हा, आम्हांला मान्य नाही. परंतु माहिती गोळा करण्याची रीत पाहावी. झपाटलेला माणूस बोलतो कसा, त्याचा आवाज बदलतो काय, शुद्धीवर आल्यावर त्याला आठवते काय, असे एकेक विचारून त्याने टिपले आहे. आपल्या जत्रांतून घुमणाऱ्यांविषयी त्या काळात इतक्या शांतपणे कोणी टिपणे केली असती तर बरे झाले असते.

१८९० मध्ये शांघायला चीनमधील सर्व प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली, तिच्या दोन अध्यक्षांपैकी अमेरिकनांच्या वतीचा अध्यक्ष नीव्हियस होता. म्हणजे त्याचा मान होता. पद्धत मात्र फारच थोड्यांनी उचलली. जुनी घडी बसलेली होती, नेमलेली माणसे होती, त्यांचे पगार होते. हे सारे एका लेखमालेने कोण मोडणार?

त्याच उन्हाळ्यात तो मायदेशी जाताना दोन आठवडे कोरियात सोल येथे उतरला. तेथे प्रेस्बिटेरियन मिशन अवघे पाच-सहा वर्षांचे. होरेस अंडरवुड हा त्यांतला जुना, म्हणजे १८८५ मध्ये आलेला. सॅम्युएल मॉफेट तर त्याच वर्षी आलेला. अशा सात तरुणांना त्याने आपली पद्धत समजावून दिली. त्यांच्यापाशी मोडण्यासारखी जुनी घडी नव्हती. त्यांनी ती पद्धत पुढच्या वर्षभरात नियम म्हणून स्वीकारली आणि नव्या येणाऱ्या प्रत्येक मिशनऱ्याला तिचे पुस्तक वाचावयास लावू लागले. १८९५ मध्ये सोराए नावाच्या खेड्यात कोरियन ख्रिस्त्यांनी परकी पै न घेता आपले प्रार्थनामंदिर बांधले. १९०७ मध्ये प्याँगयांग येथे पहिल्या सात कोरियन पाळकांना दीक्षा मिळाली. १९१२ मध्ये सबंध देशाची प्रेस्बिटेरियन महासभा स्थापन झाली. चार्ल्स ॲलन क्लार्क या मिशनऱ्याने १९३० मध्ये मोठा ग्रंथ लिहून या यशाचे श्रेय नीव्हियसच्या पद्धतीला दिले.

ते श्रेय अर्धेच खरे आहे असे आम्हांस वाटते. कोरियाला हंगुल ही सोपी लिपी होती. शेतकऱ्याची बायको ती थोड्या दिवसांत शिकून पुस्तक वाचू शके. चिनी शेतकऱ्याला तीच मजल गाठण्यास वर्षे लागत. दुसरे कारण त्याहून मोठे. चीनवर तोफा रोखणारे ख्रिस्ती होते. कोरियावर तोफा रोखणारे जपानी होते. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला, तेव्हा कोरियन माणसाला आपल्या मंडळीत जाणे हे परक्याला शरण जाणे वाटले नाही. उलट आपली अशी म्हणता येईल अशी ती एक जागा उरली. बी तेच, पण जमीन निराळी, हे फळबाग लावणाऱ्या नीव्हियसला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. हे सारे पाहण्यास मात्र तो उरला नाही. १९ ऑक्टोबर १८९३ रोजी चीफूच्या आपल्या घरी त्याचा देहान्त झाला. हेलनबाई त्यानंतर सतरा वर्षे जगल्या.

पुढे चीनमध्ये जे घडले ते सर्वश्रुत आहे. शांतुंगमधूनच बॉक्सरांचे बंड उठले आणि त्यात चिनी ख्रिस्त्यांची कत्तल परकीयांहून कितीतरी अधिक झाली. १९४९ नंतर थोड्याच वर्षांत परकी मिशनरी देशाबाहेर गेले. १९५४ मध्ये चिनी प्रॉटेस्टंटांची जी संघटना नव्या राजवटीत रीतसर उभी राहिली तिचे नावच मुळी ‘तीन-स्व’: स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च, स्वतःचा प्रसार. व्हेन आणि अँडरसन यांचे शब्द कम्युनिस्ट राज्यात मिशनऱ्यांविरुद्ध उगारले जावेत, ही इतिहासाची गंमतच म्हणावयाची. परकी तिजोरी बंद झाली. तिची जागा सरकारी देखरेखीने घेतली. तेव्हा ‘स्वतःचा कारभार’ या पहिल्या शब्दाला किती अर्थ उरला हे निराळे सांगावयास नको.

कोरियन महासभेचा मात्र एक ठराव येथे नोंदविला पाहिजे. १९१२ मध्ये महासभा स्थापन होताच तिने परदेशी मिशन काढण्याचे ठरविले आणि १९१३ मध्ये आपले तीन पाळक शांतुंग प्रांतात, चीफूच्या दक्षिणेस लाइयांग येथे धाडले. त्यांच्यामागे ना आरमार होते ना तह. त्यांचा देश पारतंत्र्यात होता, आणि त्यांचा खर्च कोरियन मंडळ्या आपल्या वर्गणीतून करीत होत्या. त्यांनी चिनी भाषा शिकून तेथे काम उभारले. अमेरिकन गेले, इंग्रज गेले, तरी या मिशनचा शेवटचा कोरियन पाळक शांतुंगमध्येच राहिला होता. १९५७ मध्ये त्याला देश सोडावा लागला.